क्लम म्हणजे आलस्य नव्हे : दीर्घकालीन थकव्यातील बौद्धिक शैथिल्य, मेंदूतील रसायने आणि आपली चिकित्सा

१. विषयप्रवेश



कराड परिसरात चिकित्सा करीत असताना सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील रुग्ण पाहण्यात येतात. त्यांत एक प्रकारचा रुग्ण असा असतो की ज्याची बाह्यतः प्रकृती ठीक दिसते, नाडी-जिव्हा परीक्षणात फारसे हाती लागत नाही, रक्ताचे अहवालही बहुधा प्राकृत असतात. तरीही तो सांगतो, "डॉक्टर, वाचलेले डोक्यात शिरत नाही. बोलताना साधा शब्द आठवत नाही. हिशेब मांडायला घेतला की डोके जड होते आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही." बारकाईने पूर्ववृत्त विचारल्यास अनेकदा काही महिन्यांपूर्वी येऊन गेलेला ज्वर समोर येतो.

अशा रुग्णास घरचे लोक आळशी म्हणतात, कार्यालयातले कामचुकार म्हणतात, आणि आपणही 'मनाचे आहे, जरा फिरायला जा' असे सांगून मोकळे होतो. आधुनिक वैद्यकात या व्याधीस क्रॉनिक फटीग सिंड्रोम किंवा मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या व्याधीतील बौद्धिक लक्षणे, त्यांमागील मेंदूतील रासायनिक घडामोडी आणि चिकित्सेतील विधिनिषेध यांचा विचार केला आहे. निषेधांवर अधिक भर दिला आहे, कारण या व्याधीत आपल्या हातून होणारे अहित हे बहुतांशी औषध न दिल्याने होत नाही, तर चुकीच्या वेळी चुकीचे बल लावल्याने होते. हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो.

२. एक रुग्णानुभव

(रुग्णेची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.)

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकविणाऱ्या ३८ वर्षांच्या शिक्षिका जानेवारी २०२२ मध्ये माझ्याकडे आल्या. मे २०२१ मध्ये त्यांना कोविड झाला होता, रुग्णालयात दाखल व्हावे लागले नव्हते. ज्वर गेला, परंतु पूर्वीचे बल परत आले नाही. फळ्यावर उदाहरण सोडविताना मधली पायरी विसरत. मुलांच्या वह्या तपासण्यास पूर्वी जेथे एक तास लागे तेथे संपूर्ण रविवार जाई आणि सोमवार-मंगळवार झोपून काढावे लागत. निद्रा होती, पण उठल्यावर ताजेपणा नव्हता.

मी वातप्रकोप, धातुक्षय व अनिद्रा असा विचार केला. रोज पहाटे अर्धा तास चालणे, क्रमाने वाढवीत बारा सूर्यनमस्कार, रात्री सर्पगंधायुक्त गोळी आणि सोबत ब्राह्मी अशी योजना केली. शिवाय शिरोधारेसाठी सलग सात दिवस बोलाविले. त्या एस.टी.ने येत-जात होत्या. चौथ्या दिवशी त्या आल्या नाहीत. आठवड्याने त्यांचे पती एकटेच आले. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती, दिव्याचा प्रकाशही सहन होत नव्हता, आणि त्या सारख्या रडत होत्या. मी प्रत्यक्ष घरी जाऊन पाहिले. आडवे असताना नाडी मिनिटास ७८ होती, भिंतीला टेकून उभे केल्यावर सहाव्या मिनिटास ती ११८ झाली.

माझ्या योजनेतील प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे पाहता शास्त्रसंमत वाटत होती. तरीही ती या रुग्णेस अपायकारक ठरली. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी मी ग्रंथही पुन्हा उघडले आणि नवे संशोधनही वाचले.

३. ग्रंथोक्त आधार

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात तंद्रा, जृंभा, क्लम, आलस्य, ग्लानि, गौरव यांची लक्षणे लागोपाठ दिली आहेत. पदवीच्या वर्षांत आपण ती पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरलो. त्यातील क्लमाचे लक्षण पाहावे. आयास न करता देहात वाढणारा श्रम, ज्यात श्वास लागत नाही आणि जो इंद्रियांच्या विषयग्रहणास बाधा आणतो, तो क्लम. येथे शारीरिक थकवा आणि इंद्रियबाधा ही एकाच लक्षणाची दोन अंगे मानली आहेत.

त्याच ठिकाणी आलस्याचे लक्षण आहे. सुखाची आसक्ती, दुःखाचा द्वेष, आणि शक्त असूनही कर्माविषयी अनुत्साह म्हणजे आलस्य. 'शक्त असूनही' हा शब्द निर्णायक आहे. आलशी मनुष्यास बल असते, इच्छा नसते. क्लमग्रस्तास इच्छा असते, बल नसते. म्हणून आलस्यात व्यायाम हे औषध आहे, तर क्लमात तो हेतू ठरू शकतो. माझी चूक हीच झाली की क्लमाच्या रुग्णास मी आलस्याची चिकित्सा दिली.

दुसरा आधार चरकाचार्यांच्या ज्वरचिकित्सेत आहे. ज्वरमुक्त मनुष्याने जोपर्यंत तो बलवान होत नाही तोपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान आणि चंक्रमण यांचे सेवन करू नये, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. चंक्रमण म्हणजे साधे फिरणेसुद्धा. पथ्याची मर्यादा दिवसांत सांगितलेली नाही, बलाच्या प्राप्तीवर ठेवली आहे.

तिसरा आधार ओजःक्षयाचा. चरकसूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात ओजःक्षयाच्या रुग्णाचे दुर्बल, भयग्रस्त, सतत चिंता करणारा आणि व्यथितेंद्रिय असे वर्णन येते. हेतूंमध्ये व्यायाम, अनशन, चिंता आणि प्रजागर यांचा उल्लेख आहे.

या वचनांवरून आपल्या आचार्यांना आजचा हा सिंड्रोम ठाऊक होता, असे म्हणण्याचा मोह टाळावा. ते वर्णन लक्षणांचे आहे, या व्याधीचे नव्हे. परंतु ज्वरोत्तर दौर्बल्यात घाई करू नये, हा चिकित्सासिद्धांत मात्र निःसंदिग्ध आहे.

४. ज्वरोत्तर थकवा : आपल्या प्रदेशातील पार्श्वभूमी

साथीच्या ज्वरानंतर काही रुग्ण दीर्घकाळ न सावरणे ही गोष्ट कोविडने प्रथम दाखविली असे नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ मध्ये अशाच व्याधीची साथ नोंदविली गेली. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९७३ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. तीन दशकांच्या खंडानंतर २००६ च्या सुमारास हा ज्वर महाराष्ट्रात पुन्हा पसरला. सांधे धरलेले आणि 'तेव्हापासून अंगात जीव नाही' असे सांगणारे रुग्ण आपल्यापैकी ज्येष्ठ वैद्यांनी पाहिले असतीलच. सांगली जिल्ह्यात इस्लामपूर येथे मार्च २०२० मध्ये कोविडचा रुग्णसमूह आढळला आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत दोन्ही जिल्हे होरपळून निघाले.

२००६ मध्येच ऑस्ट्रेलियातील डब्बो येथील महत्त्वाचे अध्ययन प्रसिद्ध झाले. रॉस रिव्हर विषाणू, एपस्टाइन-बार विषाणू आणि क्यू ज्वर यांच्या २५३ रुग्णांचा त्यात पाठपुरावा केला होता. सहा महिन्यांनंतर सुमारे १२ टक्के रुग्णांत हा सिंड्रोम आढळला. रोगजंतू भिन्न होते, परंतु नंतरचे चित्र सारखे होते. मूळ ज्वर किती तीव्र होता यावरून पुढील थकव्याचा अंदाज बांधता आला, रुग्णाच्या मानसिक पूर्वस्थितीवरून नव्हे. रॉस रिव्हर विषाणू हा चिकुनगुन्याच्याच गटातील आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

५. निदान

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये सुटसुटीत निकष दिले. तीन लक्षणे अनिवार्य आहेत.

(अ) पूर्वी सहज होणारी कामे सहा महिन्यांहून अधिक काळ लक्षणीयरीत्या कमी होणे, सोबत नव्याने उद्भवलेला व विश्रांतीने न जाणारा थकवा.
(आ) श्रमोत्तर अवसाद, म्हणजे शारीरिक वा बौद्धिक श्रमानंतर सर्व लक्षणे बळावणे. हे बळावणे पुष्कळदा लगेच न होता १२ ते ४८ तासांनी होते, त्यामुळे रुग्णासही कार्यकारण कळत नाही.
(इ) निद्रेनंतरही ताजेपणा नसणे.

यांसोबत बौद्धिक शैथिल्य किंवा उभे राहणे सहन न होणे, यांपैकी एक तरी असावे.

श्रमोत्तर अवसाद हे प्रत्यात्म लक्षण समजावे. 'थकवा येतो का?' असे विचारू नये. 'एखाद्या दिवशी जास्त काम झाले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होते?' असे विचारावे.

उभे राहण्याची परीक्षा चिकित्सालयात सहज होते. रुग्णास दहा मिनिटे आडवे ठेवून नाडी व रक्तदाब मोजावा. नंतर टाचा भिंतीपासून सहा इंच पुढे ठेवून पाठ भिंतीला टेकवून उभे करावे आणि दहा मिनिटे दर मिनिटास नोंद घ्यावी. प्रौढात नाडी ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहणे, अथवा वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरणे हे अप्राकृत होय. शेजारी मनुष्य उभा ठेवावा, आणि अंधारी येताच परीक्षा थांबवावी.

व्यवच्छेदक निदान सोडून या व्याधीचा शिक्का मारणे हा मोठा अपराध आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, रक्तशर्करा, बी-१२ व डी जीवनसत्त्व, यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासण्या, क्षयाचा विचार आणि घोरण्याचा इतिहास या किमान गोष्टी कराव्यात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अध्ययनात पुणे परिसरातील सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत बी-१२ चे प्रमाण कमी आढळले होते. सांगलीच्या बाजारपेठेतील हळदीच्या अडतीवर काम करणारे एक शाकाहारी दिवाणजी माझ्याकडे 'आकडे डोक्यात राहत नाहीत' म्हणून आले होते. ज्वराचा इतिहास होता, म्हणून मी ज्वरोत्तर क्लमच समजत होतो. त्यांच्या पायांना मुंग्या येत होत्या, हे दुसऱ्या भेटीत कळले. बी-१२ अत्यल्प निघाले. इंजेक्शने सुरू झाल्यावर काही महिन्यांत ते पूर्ववत खातेवह्या लिहू लागले. तो रुग्ण मेध्य रसायनाचा नव्हताच.

सर्दीच्या गोळ्यांतील अँटिहिस्टामिन, झोपेच्या गोळ्या, अमिट्रिप्टिलिन यांनीही बुद्धी मंदावते. ही औषधे आपण परस्पर बंद करू नयेत, देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. विषादाचा विचार अवश्य करावा. केवळ विषादात करण्याची इच्छाच मावळते. क्लमात इच्छा असते व शरीर साथ देत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात. आत्मघाताचे विचार, सतत वाढणारे विस्मरण, आक्षेप, एका अंगाचे दौर्बल्य, वजन घटणे किंवा ज्वर टिकून राहणे यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता तज्ज्ञांकडे पाठवावे.

६. मेंदूतील रसायने : सर्पगंधेने शिकविलेला धडा

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, परंतु विश्रांतीतही शरीरातील सुमारे २० टक्के प्राणवायू तो वापरतो. म्हणजे विचार करणे हेदेखील श्रमाचेच काम आहे. एका पेशीकडून दुसरीकडे संदेश नेणाऱ्या द्रव्यांत डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन व सेरोटोनिन ही तीन आपल्या विषयाशी निगडित आहेत. स्थूलमानाने डोपामिनचा संबंध प्रेरणा व प्रयत्नाशी, नॉरॲड्रेनॅलिनचा अवधानाशी व रक्तदाब राखण्याशी, तर सेरोटोनिनचा निद्रा, मनःस्थिती व आतड्यांशी येतो.

या ज्ञानाच्या उगमाशी आपलीच एक वनस्पती आहे. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबातील सर्पगंधेचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. पुढे असे दिसले की रेसर्पिन पेशींतील सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन व डोपामिन यांची साठवण रिकामी करते. अर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा दिले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. या संशोधनपरंपरेसाठी त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता क्लमाच्या रुग्णाकडे वळू. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सखोल अध्ययनात संसर्गोत्तर व्याधीच्या १७ रुग्णांची २१ निरोगी व्यक्तींशी तुलना केली. रुग्णांच्या मस्तिष्कद्रवात डोपामिन-नॉरॲड्रेनॅलिन मार्गातील घटक कमी आढळले, आणि पकड टिकवून धरण्याच्या प्रयत्नात मेंदूचा एक विशिष्ट भाग अपेक्षेप्रमाणे सक्रिय होत नव्हता. रुग्णसंख्या लहान आहे, म्हणून हा अंतिम निर्णय नव्हे. तरी ज्या रुग्णात हा साठा आधीच उणा असण्याची शक्यता आहे, तेथे निद्रेसाठी सर्पगंधा देणे म्हणजे रिकाम्या कोठारास आणखी एक दार पाडणे होय. माझ्या रुग्णेची अंधारी आणि रडणे यांत त्या गोळीचा वाटा असावा, असे मला आज वाटते.

यावरून उलट टोकाचा मोह होतो. डोपामिन कमी, तर कपिकच्छू द्यावी, कारण तिच्या बीजात एल-डोपा असते. मुंबईत डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कंपवातात तिचा उपयोग मांडला होता. परंतु कंपवात वेगळा आणि क्लम वेगळा. एल-डोपाने उभे राहताना रक्तदाब उतरू शकतो, आणि क्लमात त्याचा लाभ सिद्ध झालेला नाही. एका रसायनाची उणीव भरली की व्याधी जाईल, हा समज १९९६ मध्येच खोटा ठरला होता. नेदरलँड्समध्ये झालेल्या नियंत्रित अध्ययनात सेरोटोनिन वाढविणाऱ्या फ्लुऑक्सेटिनने या व्याधीत लाभ झाला नाही.

कारण प्रश्न केवळ द्रव्याचा नाही, पुरवठ्याचाही आहे. नेदरलँड्समधीलच २०२० च्या अध्ययनात रुग्णांस कललेल्या फळीवर उभे केले असता मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह सरासरी २६ टक्के घटला, निरोगी व्यक्तींत ही घट सात टक्के होती. नाडी व रक्तदाब प्राकृत असलेल्यांतही ती दिसली. 'उभे राहून शिकविताना पायरी विसरते' या तक्रारीचे उत्तर येथे मिळते. २०२३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी दीर्घ कोविडच्या काही रुग्णांत रक्तातील सेरोटोनिन कमी असल्याचे दाखविले. शरीरात टिकून राहिलेल्या विषाणूच्या अंशांमुळे दाह टिकतो, आतड्यातून ट्रिप्टोफॅनचे शोषण घटते, आणि प्राणदा नाडीमार्फत स्मृतीवर परिणाम होतो, अशी साखळी त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे मांडली. मेंदूतील दाहाविषयी २०१४ मध्ये जपानमधून आलेले निष्कर्ष अवघ्या नऊ रुग्णांवरचे होते, म्हणून त्यावर इमारत बांधू नये.

तात्पर्य, या व्याधीचे निदान करणारी एकही रासायनिक चाचणी आज उपलब्ध नाही आणि एकही औषध तिला मुळासह दूर करीत नाही. मात्र बुद्धी नष्ट झालेली नाही, तिला लागणारे बल व रक्त वेळेवर पोहोचत नाही, एवढे म्हणण्यास आधार आहे.

७. चिकित्सा

*(क) बलमर्यादा ओळखणे.* ही प्रथम चिकित्सा होय. रुग्णास दोन आठवडे दैनंदिनी लिहावयास सांगावे. त्यात काय केले, किती वेळ केले, आणि पुढील दोन दिवस कसे गेले याची नोंद असावी. त्यावरून निरापद मर्यादा ठरवावी आणि चांगल्या दिवशीही ती ओलांडू नये. क्रमाने वाढविण्याच्या व्यायामाचा २०११ मध्ये ब्रिटनमध्ये मोठा पुरस्कार झाला होता. परंतु तेथीलच नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तो या रुग्णांस देऊ नये असे सांगितले. २०२४ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे दीर्घ कोविडच्या रुग्णांत श्रमोत्तर अवसादाच्या वेळी स्नायूंत प्रत्यक्ष विकृती वाढल्याचे दिसून आले. आपल्याकडे अर्धशक्ति व्यायाम सांगितला आहे हे खरे, परंतु तो बलवान व स्निग्धभोजी मनुष्यास सांगितला आहे.

*(ख) बौद्धिक श्रमाचे नियोजन.* बौद्धिक काम हाही व्यायामच समजावा. एका वेळी एकच काम करावे. पंधरा-वीस मिनिटांनंतर डोळे मिटून आडवे व्हावे, त्या वेळी मोबाइल पाहू नये. महत्त्वाचे काम दिवसातील उत्तम वेळी करावे. लक्षात ठेवण्याऐवजी लिहून ठेवावे. दूरदर्शन चालू असताना संभाषण टाळावे. स्वयंपाकातील निवडणे-चिरणे बसून करावे. कुटुंबीयांस सोबत बोलावून हे सर्व समजावून सांगावे, कारण सासरच्या घरात सुनेला 'विश्रांती घे' असे वैद्याने मोठ्यांसमोर सांगितल्याखेरीज ती मिळत नाही.

*(ग) उभे राहणे सहन न होणाऱ्यांसाठी.* उच्च रक्तदाब, हृद्रोग व मूत्रपिंडाचे विकार नसल्यास पाणी व मीठ पुरेसे वाढवावे. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी वा ताक चालते. उठताना आधी काही वेळ बसावे. पायांना घट्ट मोजे उपयोगी पडतात. गरम पाण्याचे दीर्घ स्नान टाळावे.

*(घ) आहार.* लंघन व कडक उपवास वर्ज्य. गुरुवार-शनिवारचे उपवास रुग्ण न सांगता करीत असतात, म्हणून विचारून घ्यावे. चरकोक्त श्रमहर गणातील द्राक्षा, खर्जूर, दाडिम, अंजीर, इक्षु, यव, षष्टिक ही द्रव्ये आहारातच येतात. तासगावचा बेदाणा आणि आटपाडीचे डाळिंब आपल्या दाराशी आहे. मधुमेह्यांत प्रमाण सांभाळावे.

*(च) शोधन.* वमन, विरेचन, रक्तमोक्षण टाळावे. मृदू पादाभ्यंग घरच्या घरी करता येतो. रोज चिकित्सालयात यावे लागणारा कोणताही उपक्रम देताना येण्याजाण्याचा श्रम हिशेबात धरावा.

*(छ) मेध्य रसायने.* मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त चार द्रव्ये सर्वज्ञात आहेत. परंतु या व्याधीतील बौद्धिक शैथिल्य ती दूर करतात असे अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणून त्यांचे स्थान बलमर्यादा स्थिर झाल्यानंतर, एका वेळी एक, अल्प मात्रेत आणि ठराविक मुदतीसाठी असावे. यष्टिमधूच्या दीर्घ सेवनाने शरीरात सोडियम साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाब कमी असलेल्या रुग्णास प्रथम बरे वाटते म्हणून ते चालू ठेवले जाते, आणि पोटॅशियम उतरल्याने दौर्बल्य वाढते.

८. औषधविक्रेत्यांसाठी

'डोके चालत नाही, काहीतरी टॉनिक द्या' असे म्हणणारा ग्राहक प्रथम आपल्याकडे येतो, म्हणून आपली जबाबदारी वैद्यापेक्षा कमी नाही. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) 'ब्राह्मी' या नावाखाली कोठे जलब्राह्मी तर कोठे मंडूकपर्णी विकली जाते. शंखपुष्पीच्या नावावरही एकाहून अधिक वनस्पती येतात. वेष्टनावरील वनस्पतिनाम वाचून माल घ्यावा.

२) अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्यास शंखपुष्पीयुक्त सिरप देऊ नये. रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटून झटके परत येऊ शकतात, हे मुंबईतील संशोधकांनी १९९२ मध्ये दाखविले आहे.

३) गुळवेल घेतल्यानंतर यकृतास इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या अचूक ओळखीचा मुद्दा उपस्थित केला. वाद काहीही असो, महिनोन्‌महिने देखरेखीविना ती देऊ नये. यकृतविकार असल्यास अश्वगंधाही टाळावी, आणि थायरॉइडची गोळी चालू असल्यास वैद्यास विचारल्याविना देऊ नये.

४) अनेक क्लमग्रस्तांस मद्यांश सहन होत नाही. सारस्वतारिष्ट हे अरिष्ट आहे, हे विसरू नये.

५) सर्पगंधायुक्त गोळी वैद्याच्या चिठ्ठीविना झोपेसाठी देऊ नये.

६) तीन आठवड्यांहून अधिक काळ तक्रार असल्यास टॉनिकची दुसरी बाटली न देता तपासणीस पाठवावे.

९. उपसंहार

त्या शिक्षिकेची सर्पगंधा, चालणे व सूर्यनमस्कार मी त्याच दिवशी बंद केले आणि चूक माझी होती असे पती-पत्नीस सांगितले. दोन महिने बहुतेक विश्रांती, बसून स्नान, मीठ-पाणी व दैनंदिनी एवढीच चिकित्सा होती. मुख्याध्यापकांना मी सविस्तर पत्र दिले. पुढे त्यांना लागोपाठ दोन तास न देणे, खुर्चीवर बसून शिकविणे आणि वह्या दहा-दहाच्या गठ्ठ्याने तपासणे अशी सवलत मिळाली. आज त्या नोकरी करतात. पूर्वीसारख्या झालेल्या नाहीत. लग्नसराईत एक समारंभ झाला की दोन दिवस झोपून काढतात. परंतु अंथरुणाला पुन्हा खिळल्या नाहीत, आणि उदाहरणाची मधली पायरी आता फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवतात.

हा व्याधी आपण समूळ बरा करतो असे म्हणण्याचे धाडस करू नये. रुग्णाचे म्हणणे खरे मानणे, अन्य व्याधी शोधणे, उरलेले बल राखणे आणि अपाय टाळणे एवढे मात्र प्रत्येक वैद्याच्या हाती आहे. यापुढे असा रुग्ण समोर बसला तर लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारावा : हा शक्त असून करीत नाही, की इच्छा असून करू शकत नाही? व्यायाम द्यावा की विश्रांती, हे त्या उत्तरावर ठरेल.

व्यवसायबंधूंनी अशा रुग्णांचे आपले अनुभव, विशेषतः ज्यांत चिकित्सेने अपाय झाला असे अनुभव, निःसंकोचपणे या त्रैमासिकाकडे पाठवावेत, ही विनंती.